सहा पट्ट्यांपैकी एक

मलकापूरच्या हायवेला वेल्डिंगचं दुकान चालवून म्हातारा झालेल्या माणसाने समुद्रातल्या बोटीबद्दल लिहावं, हे वाचून कोणी हसलं तर हसू द्या. बोट इथे उभी होती तेव्हाही लोक हसतच होते.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत. वरवट बकालचा एक शेतकरी पेरणीयंत्राचा तुटलेला दांडा घेऊन आला, तोही अर्धाच. दुसरा अर्धा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, वावरात पडला, सापडला नाही, तुम्ही अंदाजाने जोडा. मी अंदाजाने जोडला आणि तो तीन हंगाम चालला. एका मंगल कार्यालयाचा मालक ऐन लग्नाच्या सकाळी नवरदेवाच्या खुर्चीचा पाय काखोटीला मारून आला होता, आणि पाय बसेपर्यंत वरात माझ्या दुकानासमोर नाचत राहिली. असं पानंच्या पानं लिहिता येईल. पण लिहायला बसलो की हात बोटीकडेच जातो, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. आम्ही तिला ‘भरून घेणं’ म्हणतो. लोखंडात छिद्र चुकीच्या जागी पडलं किंवा घासून मोठं झालं, तर ते वेल्डिंगने बुजवायचं, ग्राइंडरने सपाट करायचं आणि शेजारी नवं छिद्र पाडायचं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा हंगाम चालू असताना नवा भाग मुंबईहून येईपर्यंत कोण थांबणार? म्हणून इकडे गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतानाच ‘भरून द्या’ म्हणतं. अब्बांनी मला हा धंदा शिकवला. ते म्हणायचे, भरलेली जागा गिऱ्हाइकाच्या नजरेला आली तर कारागीर कच्चा. माझी भरलेली जागा आजवर कोणाच्या नजरेला आलेली नाही. वरून बफ मारला, म्हणजे घासून चकाकी आणली, की मलाही सापडायची नाही. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

आता मापारी साहेबांबद्दल. वसंतराव मापारी मूळचे पिंपळगाव राजाचे. अठराव्या वर्षी घर सोडून गेले आणि मालवाहू जहाजांवर चाळीस वर्षं काढून बोसन म्हणून निवृत्त झाले. बोसन म्हणजे डेकवरचा मुकादम. दोर, तारा, साखळदंड, सगळं त्याच्या हाताखाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मलकापुरात घर बांधलं. आता घरी बसून नातवंडं खेळवतील असं सुमनवहिनींना वाटलं होतं. पण साहेबांना एकदा स्वतःच्या बोटीने, शिडावर, इंजिनाच्या भरवशावर न राहता, कोकणातून मॉरिशसला जायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या जहाजावर फिरलो, एवढं एक आपलं, असं ते म्हणायचे.

कोकणातल्या एका खाडीत वर्षानुवर्षं पडून असलेली सव्वीस फुटी फायबरची बोट त्यांनी घेतली आणि ट्रेलरवर घालून मलकापूरला आणली. माझ्या दुकानाला लागून एक बंद पडलेली जिनिंग होती, तिच्या आवारात ती उभी केली. समुद्र सोडून बोट इकडे का आणली, हा प्रश्न मीही विचारला. ते म्हणाले की फायबर वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की पाणी पितं, ते पूर्ण वाळल्याशिवाय वर नवा थर धरत नाही, आणि मलकापूरचा मे महिना कोकणात कुठून आणायचा? उन्हाळ्याची ही एवढी इज्जत मी पहिल्यांदाच ऐकली.

बोट बघायला जत्रा लोटली. पूर्णा नदीला एवढा पूर येणार आहे का, मापाऱ्याला आधीच खबर लागली आहे का, अशा चौकशा लोक माझ्याकडे करायचे. माझी आई तिला नूहची कश्ती, म्हणजे महापुरातून जनावरांच्या जोड्या वाचवणारी नाव, म्हणायची, आणि आपल्या दोन बकऱ्यांना जागा मिळेल का ते विचारून ये, असा तिने मला निरोपही दिला होता. साहेबांनी गंभीरपणे सांगितलं की एक चालेल, दोन नाही.

लहान बोट मोठ्या समुद्रासाठी सुरक्षित करायची म्हणजे काय करायचं, हे मी त्या वर्षभरात शिकलो. मला वाटलं होतं की बोट मजबूत केली की झालं. साहेबांनी मला पहिल्या दिवशी आतल्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, समज बोट उलटी झाली, छप्पर खाली आलं आणि जमीन डोक्यावर गेली, आता तुझ्या अंगावर काय काय पडेल ते सांग. बॅटऱ्या पडल्या असत्या. शेगडी, पाण्याच्या टाक्या, पायाखालच्या फळ्या, अवजारांची पेटी, सगळं पडलं असतं. लाट बोटीला उलटी करते, तळातलं वजन तिला पुन्हा सुलटी करतं, पण तेवढ्या वेळात बॅटरी डोक्यात बसून माणूस मरतो. मग आम्ही एकेक वस्तू जखडत गेलो.

दाराला मी कडी लावली ती आमच्या सवयीने, बाहेरून. गोदामाला लावतो तशी. साहेब ती बघून हसले. समुद्रात आतला माणूस आत अडकता कामा नये आणि बाहेरचा बाहेर, म्हणून कडी दोन्हीकडून उघडली पाहिजे. ती मी तीनदा बदलली. स्वयंपाकाच्या गॅसचं तसंच. घरात सिलिंडर गळला तर गॅस उंबऱ्यावरून बाहेर तरी जातो, बोट म्हणजे वाटी, गॅस जड असतो, तो तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडरला वेगळी हवाबंद पेटी केली, आणि तिच्या तळातून थेट बाहेर नळी काढली.

डेकवर पुढून मागेपर्यंत एक पट्टा ताणायचा आणि माणसाने आपल्या कमरेचा दोर त्यात अडकवून हिंडायचं, बैलाला दावं असतं तसं. त्या पट्ट्याच्या कड्या मी केल्या. त्या तपासायला साहेबांनी मार्केट यार्डातून चार हमाल बोलावले आणि दोर ओढायला लावले. कडी हलली नाही. हमालांपैकी एक जण मात्र दोर सुटून चिखलात बसला. साहेबांनी त्याला स्वतः उठवून चहा पाजला.

आणि मग पट्ट्या. शिडाची डोलकाठी आपल्या जोरावर उभी नसते. तिला चहूबाजूंनी तारा असतात, आणि प्रत्येक तार खाली एका स्टीलच्या पट्टीत अडकवलेली असते. पट्टी डेकमधून आत जाते आणि बोटीच्या अंगाला बोल्टने आवळलेली असते. अशा सहा पट्ट्या. एक तुटली की तार सुटते, आणि तार सुटली की डोलकाठी गेली. जुन्या पट्ट्या साहेबांनी काढून टाकल्या आणि समुद्रात टिकणाऱ्या स्टीलची जाड पट्टी मुंबईहून मागवली. बरोब्बर सहा निघतील एवढीच आली होती. कामाला हात लावण्याआधी त्यांनी मला बजावलं होतं.

“काही चुकलं तं सांग मले. दुसरी मागवू. वेल्डिंग नको करू याले.”

मी हो म्हणालो. त्या आठवड्यात ते बोटीच्या कागदांसाठी कोकणात गेले. चौथ्या पट्टीला होतो की पाचव्या, आठवत नाही. वरचं पहिलं छिद्र अर्धा इंच वर पडलं. खूण मीच केली होती आणि चूकही माझीच होती. नवी मागवली तर आठ दिवस. साहेबांना सांगायचं तर पस्तीस वर्षं धंदा केलेल्या कारागिराने छिद्राची खूण चुकवली हे सांगायचं. माझ्या हाताने जे नेहमी केलं तेच केलं. भरून घेतलं. बाकीच्या पाच पट्ट्यांबरोबर तिलाही बफ मारला आणि सहाही पट्ट्या फडक्यावर मांडून ठेवल्या. साहेब आले, त्यांनी एकेक पट्टी उचलून उन्हात फिरवून पाहिली आणि म्हणाले की कंपनीत अशा होत नाहीत. मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला आज आठवलं की लाज वाटते.

वेल्डिंग का नको हे तेव्हा मला कळलं नव्हतं. ते कळलं महिनाभराने. पट्ट्या बसल्या होत्या, भोवती चिकट मसाला भरून जागा बंद केली होती, वरून कपाटं चढली होती. दोघंजण चहा पीत बसलो असताना साहेब आपण होऊन सांगू लागले. स्टीललाही हवा लागते, म्हणाले. उघड्यावर ते वर्षानुवर्षं टिकतं, पण जिथे हवा नाही आणि खारं पाणी साचून राहतं, तिथे ते वरून चकचकीत आणि आतून कुजलेलं असतं. वेल्ड केलेली जागा सगळ्यांत आधी जाते. आणि पट्टीला डेकच्या खाली नेमकी अशीच जागा असते, अंधारी आणि ओली. दर लाटेला तिला एक हिसका बसतो, दिवसाला हजारो.

माझ्या हातात चहाचा ग्लास तसाच राहिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. ट्रेलर चार दिवसांनी यायचा होता. वाक्य तोंडात तयार होतं. आणि मी विचारलं काय, तर बिस्किट घेता का.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब जेवायला गेल्यावर मी टॉर्च घेऊन बोटीत शिरलो. वाटलं, निदान ती पट्टी कोणती ते बघू, गुपचूप काढता आली तर काढू. डेकच्या वर जेवढी दिसत होती तेवढी सहाही पट्ट्यांची डोकी मी निरखली, बोट फिरवलं, नख घासलं. खालची जागा तर कपाटामागे, आणि ती दिसली असती तरी ओळखू आली नसती. कोणती भरलेली आहे हे मला कळेना. अब्बांनी शिकवलेलं काम मी इतकं चोख केलं होतं. म्हणजे सांगायचं तर सहाही काढाव्या लागणार होत्या. सगळं मिळून दहा दिवस लागले असते. हंगाम चुकणार नव्हता, काही बुडणार नव्हतं. दहा दिवस म्हणजे काय हो? पण मी स्वतःला समजावलं की पट्टी गरजेपेक्षा दुप्पट जाड आहे, आपल्या ट्रॉल्यांचे हूक भरून वीस वीस वर्षं चालले, ही कशाला तुटेल.

दसऱ्यानंतर ट्रेलर आला. बोटीवर ‘पूर्णा’ नाव रंगवलं होतं. सुमनवहिनींनी तिला हळदकुंकू लावलं, मी मनातल्या मनात दुआ मागितली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की या बोटीतलं लोखंड अनीसचं आहे, म्हणून मला झोप लागेल. त्यानंतर मलाच झोप नव्हती.

लक्षद्वीपपर्यंत ते मजेत गेले. मालदीवहून वहिनींना फोन आला होता. तिथून निघाल्यावर नवव्या दिवशी डोलकाठी पडली.

ते परत आले तेव्हा त्यांच्याकडूनच सगळं ऐकलं. वारा वाढला तसं त्यांनी शीड वेळेवर लहान केलं होतं. दुपारची वेळ होती. उजवीकडून खालून बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि डोलकाठी डावीकडे पाण्यात गेली. ती तारांना लटकून राहिली आणि दर लाटेला बोटीच्या अंगावर आदळू लागली. साहेबांनी मोठ्या कात्रीने एकेक तार कापून ती समुद्रात सोडून दिली. सुटलेल्या तारेच्या टोकाला पट्टीचा तुकडा लोंबत होता. पहिल्या बोल्टच्या जरा वर तुटलेला. तोही गेला. तोवर बोटीला भोक पडलं होतं. दोन दिवस ते मोडक्या बरगड्यांनी पाणी उपसत राहिले, मग एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं. पूर्णा तिथेच सोडावी लागली.

मला म्हणाले की तुझ्या कडीने वाचवलं, लाटेने दोनदा फेकलं पण दोर सुटला नाही. ते हे सांगत असताना मला एकच ऐकू येत होतं, पहिल्या बोल्टच्या जरा वर.

त्या दिवशीही मी बोललो नाही. ते जिवंत आले, आता सांगून बोट थोडीच परत येणार आहे, असं म्हणालो स्वतःशी. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो.

पण ती गोष्ट तिथे संपली नाही, कारण साहेब कारण शोधत होते. शीड लहान होतं, वारा काही वादळाचा नव्हता, पट्टी जाड होती, अनीसचं काम तर कंपनीला लाजवणारं. मग उरलं काय? उरल्या तारा, आणि तारा त्यांनी स्वतः ताणल्या होत्या. तार ढिली राहिली तर डोलकाठी झोकांड्या खाते, जास्त ताणली तर पट्टी ओढून काढते. बोसनचं सगळं आयुष्य याच कामात गेलेलं. महिनोन्महिने त्यांनी वहीत आकडेमोड केली, आणि शेवटी एक दिवस मला म्हणाले, “तार मीच जास्त ओढली बे अनीस. चाळीस वर्सं दुसऱ्याच्या जहाजाच्या तारा बरोबर ओढल्या, अन् आपलीच नाई ओढता आली. हात गेला माह्या.”

मी खाली मान घालून बसलो. त्यांना वाटलं मला त्यांचं वाईट वाटतंय.

पुढच्या वर्षी रत्नागिरीकडच्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. त्याच्याकडे तीस फुटी बोट होती, स्वतःला होत नव्हतं, म्हणाला, तू ने, मॉरिशसला जा, मला फोटो पाठव. वहिनी तर आधी जाऊ द्यायला तयार नव्हत्या, पण साहेबांचा उतरलेला चेहरा वर्षभर बघून त्याच म्हणाल्या, जा. साहेबांनी नाही म्हटलं. ज्याला आपल्या तारेचा अंदाज राहिला नाही त्याने समुद्रात जाऊ नये, म्हणाले. त्यानंतर त्यांनी बोटींचं नाव काढलं नाही. कोणी विषय काढला तर उठून आत जायचे. अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला मात्र जाता-येता अंगठ्याने दाबून बघायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. ते बघवत नसे, म्हणून मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा ती मोठी असं मला आता वाटतं. पट्टी एका दुपारी भरली होती. गप्प मात्र मी सहा वर्षं राहिलो.

मागच्या वर्षी साहेबांना लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. आणि यंदा संपादकांनी लिहायला सांगितलं. तीन पानं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे छापून येईल आणि साहेब ते वाचतील, किंवा वहिनी वाचून दाखवतील. ते होण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो.

दुपारचे चार वाजले होते. साहेब ओसरीवर खुर्चीत होते. वहिनी शेजारी शेंगा फोडत होत्या. मी बसलो, पाणी प्यालो, आणि सगळं सांगितलं. छिद्र, भरणं, बफ, चहाचा ग्लास, टॉर्च. काही राखून ठेवलं नाही. वहिनींचा हात थांबला होता. साहेब माझ्याकडे बघत होते. झटक्यापासून त्यांची जीभ जड झाली आहे, शब्द जोडून आणावा लागतो.

“तं मंग,” ते म्हणाले, “तार बरोबर होती?”

“बरोबर होती साहेब.”

“पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. त्या खाण्याच्या तयारीनेच गेलो होतो. पण साहेब हसू लागले. एकाच बाजूने हसता येतं त्यांना, पण हसले. डाव्या हाताने त्यांनी वहिनींचा पदर ओढला.

“सुमन, आयकलं काय? तार बरोबर होती माही. मी तं बरोबरच ओढली होती.”

वहिनी त्यांच्याकडे बघून हो म्हणाल्या, मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

“अनीसभाऊ, एवढंच सांगाले तुमाले सहा वर्सं लागली? ह्यांचे पाय चालत होते तवा काऊन नाई आले तुमी?”



साहेबांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. रत्नागिरीवाल्याला लाव म्हणाले, त्याला विचार, ती बोट अजून आहे का. मी नंबर लावला. पलीकडे त्या सोबत्याचा मुलगा होता. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणाला, आणि बोट त्याच्याही आधी विकली.

मी फोन ठेवला. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते, खुर्चीत पुढे सरकून बसले होते. या वेळी मी जे होतं ते लगेच सांगितलं.